पाहुणे आले की गुरगुरणारी चिंगी

भाऊबीजेच्या दिवशी आमच्या घरी ताम्हण पडलं. नुसतं पडलं असतं तर उचलून ठेवलं असतं. पण निरांजन, सुपारी, अक्षता, सारं घरभर सांडलं आणि वन्संच्या नव्या साडीचा पदर टरकला. ह्यांना ओवाळायला त्या पुढे वाकल्या न वाकल्या, तोच खुर्चीखाली निजलेली आमची चिंगी विजेसारखी बाहेर आली आणि तिने त्यांच्या हाताच्या रोखाने तोंड टाकलं. दातांत पदर आला म्हणून हात वाचला.

वन्सं भोसरीहून हौसेने माहेरी आलेल्या. सासूबाई मटकन खाली बसल्या. हे एवढंच म्हणाले, "उद्या हिला जिथून आणली तिथे सोडून यायचं." आणि मला काय वाटलं असेल? मला वाटली ती शरम! कारण चूक चिंगीची कमी आणि माझी जास्त, हे मला त्याच रात्री उमगायला लागलं होतं.

मैत्रिणींनो, हल्ली शहरांतून पुष्कळ घरी गावठी कुत्री दत्तक घेतात. घ्यावीतच. पण पाठोपाठ हा प्रश्न येतो. कुत्रं घरच्यांचे पाय चाटतं आणि पाहुण्यावर गुरगुरतं. मग कामवाली बाई म्हणते, "ताई, कुत्रं बांधा नाहीतर मी येत नाही." भिशीच्या बायका दुसरं घर बघतात. आणि एक दिवस ते बिचारं पुन्हा रस्त्यावर जातं. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून आमची हकिगत सांगते.

चिंगी आली कुठून?

आमची रहाटणी एके काळी शेताभातांचं गाव. आता जिकडे बघाल तिकडे इमारती. एक पुरी होते न होते तोच शेजारी दुसरीचा खड्डा खणलेला. प्रत्येक बांधकामावर राखणदाराचं पत्र्याचं खोपटं असतं आणि खोपट्यापाशी एक कुत्रं बांधलेलं असतं. सळया, सिमेंट, तारा रात्री चोरीला जाऊ नयेत म्हणून. इमारत पुरी झाली की राखणदार बिऱ्हाड उचलून गावी जातो. कुत्रं मागे राहतं.

चिंगी अशीच मागे राहिलेली. वय दीड-दोन वर्षांचं, रंग तांबूस, गळ्यात नायलॉनच्या दोरीचा वळ. गणपती झाल्यावर मुलांनी हट्ट धरला आणि आम्ही तिला घरी आणली. पहिले तीन दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. मग हळूहळू शेपटी हलायला लागली. आठवड्याभरात मुलांच्या मागे मागे फिरायला लागली. म्हटलं, रुळली!

नवरात्रात गुरगुर सुरू झाली. पहिला मान ह्यांचा. दुसरी पाळी करून मध्यरात्री घरी आले, पायांत कंपनीचे जड बूट, डोक्यावर हेल्मेट. चिंगीने त्यांना दारातच अडवलं. मग गॅसवाला, पार्सलवाला, सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बायका, कुणालाच सोडलं नाही. तरी चावली कुणाला नव्हती. मान खाली, अंग ताठ आणि घशातून ती खर्जातली गुरगुर. पाहुण्याच्या हातातला चहाचा कप थरथरायचा.

मग मी काय केलं? सगळे करतात तेच. वर्तमानपत्राची गुंडाळी केली. गुरगुरली की एक फटका आणि वर "गप्प!" पंधरा दिवसांत गुरगुर बंद! शेजारणींना मी अभिमानाने सांगितलंसुद्धा, "शिस्त लावली की लागते." आणि मग आली भाऊबीज.

गुरगुर म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी हे चिंगीला सोडायला निघायच्या आत मी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळं ऐकून त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या घरातली धोक्याची घंटा वाजायला लागली, तर तुम्ही आग विझवाल की घंटा काढून टाकाल?" मी घंटा काढून टाकली होती.

कुत्रं चावण्याआधी पुष्कळ काही सांगत असतं. आपण वाचत नाही. झोप आलेली नसताना ते जांभई देतं. जवळ खाणं नसताना ओठ चाटतं. तोंड फिरवतं, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहतं, तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. मग अंग आखडतं, जागच्या जागी थिजतं. मग ओठ वर जातो, मग गुरगुर, मग हवेतच दात वाजवणं आणि सर्वांत शेवटी चावा. गुरगुर ही या शिडीची बरीच वरची पायरी. "मला भीती वाटते आहे, लांब राहा" हे सांगण्याची तिची ती रीत. ती पायरी मी फटके मारून काढून टाकली. भीती होती तिथेच राहिली, सांगायची सोय तेवढी गेली. मग भीती थेट दातांत उतरली. शिवाय पाहुणा आला की आपल्याला मार बसतो, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं झालं. म्हणजे पाहुणा तिला दुप्पट वाईट वाटायला लागला.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागली. बांधकामावर तिला भाकरी मिळायची ती कशाबद्दल? परक्या माणसावर गुरगुरण्याबद्दलच! तेच तिचं काम होतं. आमच्या घरी येऊन तेच काम इमानाने करत राहिली, तर मी तिला फटके दिले.

"मालक कोण ते कुत्र्याला दाखवून द्यावं लागतं" असं पुष्कळजण सांगतात. ही समजूत जुन्या लांडग्यांच्या अभ्यासातून आली. १९४७ साली शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं की कळपात सत्तेसाठी भांडणं चालतात. पुढे डेव्हिड मेक यांनी १९७० साली लांडग्यांवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यातही हीच कल्पना होती. पण रानातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्याच मेक यांनी १९९९ साली सांगितलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंबच. तेव्हा धाक दाखवून कुत्रं सुधारतं, हे आता डोक्यातून काढलेलं बरं.

तसंच पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत ज्या माणसांत, आवाजांत वाढतं, ती त्याला आपली वाटतात. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी पिल्लांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९६५ साली हे मांडलं. त्या दिवसांत चिंगीने खोपटं आणि दोरी एवढंच जग पाहिलेलं. घरात ऊठसूट माणसं येतात-जातात हे तिला ठाऊक कसं असणार? मोठ्या कुत्र्याला हे शिकवता येतं, पण वेळ लागतो.

आधी डॉक्टर, मग शिकवणी

कुत्रं गुरगुरायला लागलं की पहिल्यांदा त्याला कुठे दुखतंय का ते बघा. कानातला पू, किडका दात, सांध्याचं दुखणं, गोचिडांचा ताप, यांनी गरीब कुत्रंसुद्धा चिडखोर होतं. चिंगीचा डावा कान आतून चिघळलेला निघाला. दहा दिवस औषध घातल्यावर डोक्याला हात लावू द्यायला लागली.

रेबीजची लस तर टाळूच नका. पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमाराला पहिली, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. महापालिकेचा परवानाही काढून ठेवा. नसबंदी करून घ्या. रस्त्यावरच्या ज्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसते, त्याची ती झालेली असते.

ह्यांच्याकडून मी संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली. सासूबाईंनी माझी बाजू घेतली याचं मला नवल वाटलं. म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. आपल्याच्याने एक सांभाळवत नाही होय?"

वहीतले आकडे

मास्तरणीची सवय! मी एक वही केली. कोण आलं, किती लांब असताना चिंगी ताठ झाली, किती जवळ आल्यावर गुरगुरली, हे रोज लिहायला लागले. आठवड्याने वही बघितली तर चित्र स्वच्छ. बायकांपेक्षा पुरुषांना जास्त भीते. टोपी, हेल्मेट, हातात पिशवी किंवा काठी असली की जास्तच. बसलेला माणूस चालतो, उठून उभा राहिला की बिनसतं. वन्सं वाकल्या होत्या, हातात चकचकीत ताम्हण होतं आणि चिंगीला मागे सरायला जागा नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं. वीस पावलांवरचा माणूस तिला चालत होता, दहा पावलांवरचा नाही.

मग वीस पावलांपासूनच सुरुवात केली. संध्याकाळी तिला दोरी लावून सोसायटीच्या फाटकापासून लांब बसायचं. खिशात उकडलेल्या कोंबडीचे बोराएवढे तुकडे. शाकाहारी घरात पनीर चालेल. माणूस दिसला की तुकडा, माणूस गेला की तुकडे बंद. पुन्हा माणूस, पुन्हा तुकडा. क्रम महत्त्वाचा हं! आधी माणूस दिसला पाहिजे, मग खाऊ. उलट केलंत तर खाऊ निघाला की आता परका येणार, असं समजून ती खाऊलाच भ्यायला लागते.

पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव आपण शाळेत वाचलेलं असतं. पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. खाणं मिळण्याआधी ठरावीक आवाज केला, तर पुढे नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्यांनीच दाखवलं. आपण तेच करायचं, फक्त आवाजाच्या जागी पाहुणा!

मधे गुरगुरली तर? रागवायचं नाही. खाऊही कोंबायचा नाही. आपण फार जवळ आलो एवढंच समजायचं आणि मुकाट्याने पाच पावलं मागे जायचं. पंधरा दिवसांनी आम्ही वीस पावलांवरून बारावर आलो. दिवाळीचे उरलेले फटाके वाजले त्या आठवड्यात पुन्हा अठरावर गेलो. असं होतंच. आपली पोरंही सुट्टी संपल्यावर पाढे विसरतात ना?

बेल आणि बसकर

रस्त्यावर जमायला लागल्यावर घरातला अभ्यास. दारापासून लांब, स्वयंपाकघराच्या कडेला, चिंगीचं बसकर टाकलं. त्यावर बसली की खाऊ. दोन-चार दिवसांत आपणहून जाऊन बसायला लागली.

मग बेल. ह्यांची रात्रपाळी असली की दिवसा आमच्या दारावर "बेल वाजवू नये" अशी पाटी असते. त्यामुळे बेल वाजली की चिंगीला आकाश कोसळल्यासारखं व्हायचं. थोरला बाहेर जाऊन बेल वाजवायचा, मी लगेच बसकरावर खाऊ टाकायची. कुणी आत यायचं नाही. नुसती बेल आणि खाऊ. दिवसातून दहा वेळा. महिन्याभरात बेल वाजली की चिंगी दाराकडे न धावता बसकराकडे धावायला लागली. मग आधी घरचेच पाहुणे होऊन आले. हे हेल्मेट घालून तीनदा आत-बाहेर झाले. "काय पण वेळ आणलीस," असं म्हणत, पण झाले. त्यानंतर शेजारच्या वहिनी आल्या.

पाहुण्यांना काय सांगायचं?

खरं म्हणजे कुत्र्याला शिकवणं सोपं. पाहुण्यांना शिकवणं महाकठीण! "आम्हाला कुत्र्यांची सवय आहे" म्हणत जे हात पुढे करतात, त्यांच्यापासूनच जास्त जपायला हवं. आमचे नियम मी दारातच हसत हसत सांगते.

डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. डोक्यावरून हात फिरवायचा नाही. तिच्यावर वाकायचं नाही. आत येऊन सरळ बसायचं आणि ती घरात नाहीच असं समजून गप्पा मारायच्या. वास घ्यायला आली तर घेऊ द्यायचा, हात जागच्या जागी ठेवायचा. आणि उठताना आधी मला सांगायचं.

पाहुण्याच्या हातून खाऊ द्यायची घाई करू नका. खाण्याच्या लोभाने कुत्रं जवळ जातं, खाऊ संपतो आणि मग भानावर येऊन बघतं तो परका माणूस अगदी नाकाशी! तिथेच चावतं. त्यापेक्षा पाहुण्याने खाऊ तिच्या पाठीमागे लांब टाकावा. म्हणजे तिला मागे सरायला मिळतं आणि खाऊही मिळतो.

लहान मूल आणि नवीन कुत्रं यांना एका खोलीत एकटं सोडू नका, एक मिनिटसुद्धा नाही. रांगत्या मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असतं. आणि कुत्रं दारात बांधून ठेवू नका. बांधलेल्याला पळता येत नाही, मग ते चावतं.

घरात गर्दी होणार असेल त्या दिवशी शिकवणी नको. सरळ आतल्या खोलीत ठेवा, दाराला कडी लावा, चघळायला काहीतरी द्या. यात कमीपणा नाही. आपणसुद्धा परीक्षेच्या दिवशी पोरांना नवीन धडा शिकवत नाही. ज्या कुत्र्याने आधी तोंड टाकलं आहे, त्याला बाहेर नेताना जाळीचं मुसकं घाला. त्यातून त्याला धापता येतं, पाणी पिता येतं. पण त्याची सवय घरीच खाऊ देऊन आठवडाभर आधी लावा.

चावलंच तर

हे लिहू नये असं वाटतं, पण लिहायलाच हवं. जखम किंवा ओरखडा लहान असला तरी लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे पिंपरीला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पोटातली ती चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली. आता दंडावर चार-पाच वेळा लस घेतली की झालं. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं औषधही टोचतात. चावणारं कुत्रं घरचं, लस दिलेलं असलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नका. रेबीज एकदा अंगात भिनला की त्यावर इलाज जवळपास नाहीच. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस देऊन वाचवलं. आज ती गावोगाव मिळते आणि तरी माणसं दगावतात, ती बहुधा उशीर केल्यानेच.

कायद्याचंही थोडं. सोसायटीला पाळीव कुत्रं ठेवायला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांसाठी काढलेल्या सूचनांत म्हटलं आहे. पण त्याचबरोबर, आपल्या जनावरापासून इतरांना इजा होऊ नये म्हणून काळजी घेणं हे मालकाचं काम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शेजारणीशी भांडताना दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात!

संक्रांत

हळदीकुंकवाला माझ्याकडे तीस-एक बायका आल्या. चिंगी आतल्या खोलीत कडीबंद होती. वाण लुटून बायका गेल्यावर वन्सं मागे राहिल्या. भाऊबीजेनंतर पहिल्यांदाच आल्या होत्या. माझ्या मनात धाकधूक. म्हटलं, "तुम्हाला चालत असेल तरच तिला बाहेर आणते." त्यांनी पदर कमरेला खोचला, तिरक्या बसल्या आणि म्हणाल्या, "आण."

मी चिंगीला दोरी लावून आणली. बसकरावर बसली. वन्संनी तिळगुळाच्या डब्याकडे हात नेला, तशी चिंगी अगदी हळू गुरगुरली. दोन महिन्यांत घरात पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला. खरं सांगू? मला हायसं वाटलं! वन्संनी हात जागच्या जागी थांबवला, नजर वळवली. मी चिंगीला दोन पावलं मागे घेतलं. अर्ध्या तासाने ती उठली, वन्संच्या साडीच्या काठाचा वास घेतला आणि परत जाऊन निजली.

वन्सं हळूच म्हणाल्या, "ह्या वेळी आधी सांगितलंन हो तिने."

चिंगी आजही सगळ्या जगाची मैत्रीण झालेली नाही. पार्सलवाला अजून आवडत नाही, तेव्हा पार्सल मी जिन्यात घेते. पण ह्यांनी सोडून यायची भाषा पुन्हा काढली नाही. रात्री पाळीवरून आले की आधी हेल्मेट काढतात, मग बेल वाजवतात.

ध्यानात ठेवा

१. गुरगुरल्याबद्दल मारू नका, ओरडू नका. पाहुण्याला थांबवा, कुत्र्याला मागे घ्या.

२. गुरगुर नव्याने सुरू झाली तर आधी डॉक्टरांना दाखवा.

३. कोणाला, किती अंतरावर, हे वहीत लिहा. जिथे ते शांत असतं तिथूनच सुरुवात करा.

४. आधी माणूस, मग खाऊ. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

५. खाऊत कांदा, लसूण, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट चुकूनही नको. कुत्र्याला ते विषच.

६. नवीन कुत्र्याला घर आपलं वाटायला तीन-एक महिने लागतात. पहिल्या आठवड्यात त्याला बघायला पाहुण्यांना बोलावू नका.

७. चावण्यापर्यंत मजल गेली असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. वागणुकीची माहिती असलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठा.